रेड विंग ते विनोना : नदी उजव्या हाताला ठेवा

मिनेसोटातील रेड विंगहून विनोनाला पहिल्यांदाच गाडीने जाणार असाल, तर नकाशा सुचवतो तो महामार्ग 61 जाताना घेऊ नका. रेड विंगलाच पूल ओलांडून विस्कॉन्सिनच्या बाजूला जा आणि महामार्ग 35 धरा. अंतर साधारण 70 मैलांचे असले तरी पूर्ण दिवस हाती ठेवावा. या दिशेने जाताना मिसिसिपी सतत उजव्या हाताला राहते, आणि अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे थांब्यावर वळताना समोरून येणारी वाहने आडवी येत नाहीत. परतताना 61 घेतला, तर तिथेही नदी उजवीकडेच असते.

मेडन रॉक ते पेपिन या टप्प्यात घाई करू नये. इथे नदी रुंदावून लेक पेपिन होते, आणि रस्ता व पाणी यांच्यामधून जाणारी लांबच लांब मालगाडी आली की बोलणे थांबवून डबे मोजत बसावे लागते (आमच्या मुलांचा तो आवडता उद्योग आहे). वाटेतल्या स्टॉकहोमची वस्ती शंभराच्या आत असल्यामुळे आठवड्याच्या मधल्या वारी तिथली दुकाने उघडी असतीलच असे धरून चालू नका. चहाचा थर्मास आणि दशम्या सोबत असाव्यात.

आल्माला मात्र तासभर द्या. ब्यूना व्हिस्टाच्या कड्यावरून, सुमारे 500 फूट खाली, क्रमांक 4 च्या बंधाऱ्यातील जलपाशातून (बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारा दारांचा कप्पा) बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावा, संथपणे सरकताना दिसतात. ऑक्टोबरमध्ये गेलात, तर अंधार पडण्यापूर्वी विनोना गाठा, कारण तिन्हीसांजेला हरणे रस्त्यावर येतात.