वाचकांचे प्रश्न : काटा, हिशोब आणि मधली सर्व्हिस

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत कापूस खरेदीच्या काट्याचं सॉफ्टवेअर वेगळं, हिशोबाचं वेगळं, एसएमएसचं वेगळं. तिन्ही 'सर्व्हिस'नं जोडा म्हणतात. म्हणजे नेमकं काय? आणि लाइन गेली की एकाच गाडीची दोनदा नोंद का होते?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : सर्व्हिस म्हणजे नेटवर्कवरून बोलावता येणारा, एक ठरलेलं काम करणारा प्रोग्रॅम. तो जावात लिहिलाय की पीएचपीत, याच्याशी बोलावणाऱ्याला देणंघेणं नाही. त्याला फक्त करार दिसतो : काय पाठवायचं, काय परत येणार, चुकलं तर कोणता कोड. खरा वेळ इथेच घाला. वजनाचं एकक लिहिलं नसेल तर काटा १२४० किलो पाठवेल आणि हिशोब ते क्विंटल धरून चुकारा काढेल. फील्डचं नावच 'वजन_किलो' ठेवा. ओलावा रिकामा चालेल का, तेही लिहा.

पुस्तकांत देणारा, मागणारा आणि नोंदवही असे तीन भिडू असतात. करार डब्ल्यूएसडीएल या वर्णनाच्या फाइलीत, निरोप सोप या ठरावीक साच्यात, सर्व्हिसचे पत्ते यूडीडीआय या नोंदवहीत. यूडीडीआयच्या नादी लागू नका. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅपनं आपल्या सार्वजनिक नोंदवह्या २००६ मध्येच बंद केल्या. तुमचे तीन पत्ते एका कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलीत मावतात. निरोपाला एचटीटीपीवरचं (वेबच्याच वाटेनं जाणारं) जेसॉन, म्हणजे फील्डचं नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांचा साधा मजकूर, पुरे. समोरची बँक मागेल तिथेच सोप.

आता दुहेरी नोंद. हिशोबानं नोंद केली, पण उत्तर काट्यापर्यंत येण्याआधीच लाइन गेली. काट्याला वाटतं निरोप पोचलाच नाही, तो पुन्हा पाठवतो. टाइमआउटचा (ठरल्या वेळेत उत्तर न येण्याचा) अर्थ 'झालं नाही' असा नसून 'कळलं नाही' एवढाच असतो.

म्हणून वजन घेताच काट्याच्या कॉम्प्युटरवर त्याला यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी न जुळणारा लांबलचक आयडी) द्या आणि तो साठवा. हिशोबाच्या टेबलात त्या कॉलमला युनिक करा, म्हणजे एकच आयडी दोनदा बसणार नाही. तोच आयडी पुन्हा आला तर नवी नोंद न करता आधीचंच उत्तर परत द्या. आयडी तोच पण वजन वेगळं असेल तर ४०९ (एचटीटीपीचा 'आधीच्या नोंदीशी जुळत नाही' सांगणारा) कोड देऊन नाकारा. आयडी पाठवण्याच्या फंक्शनात तयार केला की दर खेपेला नवा निघतो आणि सगळं मुसळ केरात. नुसता पावती क्रमांकही चालत नाही, दोन काटे असले की दोघांचाही १ पासून सुरू होतो.

२, ४, ८ सेकंदांनी पुन्हा पाठवून पाहा. तरी जमलं नाही तर निरोप काट्याच्याच कॉम्प्युटरवरच्या एसक्यूलाइटमध्ये (एका फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस) रांगेत टाका, वजनाची पावती छापा, गाडी सोडा. एसएमएसलाही अशीच वेगळी रांग हवी. तो अडकला म्हणून हिशोब थांबायला नको.