उजव्या नसेचा अटॅक ‘हलका’ असतो का?

‘वडिलांची उजवी नस (हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी उजवीकडची वाहिनी) पूर्ण बंद होती, इन्फीरियर वॉलचा, म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक. सगळे म्हणतात, हलक्यात निभावलं. खरंच का?’ असं तुम्ही विचारलंय. स्नायूच्या हिशोबाने खरं आहे. डावीकडची एलएडी ही नस एकटीच डाव्या कप्प्याचा, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या मुख्य पंपाचा, जवळजवळ निम्मा स्नायू पोसते. ती उगमाशीच बंद पडली की पंपिंग जेवढं ढासळतं तेवढं उजव्या नसेत सहसा ढासळत नाही.

पण पहिले काही तास उजवी नस दगा देते. एव्ही नोडला (ठोक्याचा विद्युत संदेश वरून खालच्या कप्प्यांत पोचवणाऱ्या गाठीला) बहुतेकांत तिचीच फांदी जाते, त्यामुळे हार्ट ब्लॉक होऊन, म्हणजे तो संदेश अडून, ठोके मिनिटाला ४० पर्यंत उतरू शकतात. शिवाय ती उगमाजवळ बंद असेल तर फुप्फुसांकडे रक्त ढकलणारा उजवा कप्पाही तडाख्यात सापडतो. मग तो शिरांतून येणाऱ्या रक्ताच्या भरावरच कसाबसा चालतो. नेमकं अशा वेळी शेजारचे काका जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैलावणारी नायट्रेट गटातली गोळी) ठेवतात. शिरा सैलावतात, परतणारं रक्त घटतं, १३० चं बीपी बघता बघता ७० वर. घाम, भोवळ, पेशंट आडवा. वर त्यालाच ‘दुसरा अटॅक’ म्हणायचं!

इन्फीरियर ईसीजी दिसला की व्ही४ची लीड (एरवी छातीच्या डावीकडे लागणारी ईसीजीची तार) छातीच्या उजवीकडे लावून आणखी एक पट्टी काढायचीच. दोन मिनिटांचं काम, तरी राहून जातं. तिथे एसटी (ईसीजीच्या रेघेतला अटॅक दाखवणारा भाग) १ मिमी उचललेला, बीपी कमी, मानेच्या शिरा फुगलेल्या आणि फुप्फुसांत पाणी नसून छाती स्वच्छ असेल तर नायट्रेट बंद, लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) बंद. सलाइन २५० मिली, पुन्हा छाती ऐकायची, मग पुढचं.

कायमचं नुकसान वेळेवर ठरतं. नसा हृदयाच्या बाहेरून आत शिरतात, म्हणून आतल्या थराला रक्त सर्वांत शेवटी पोचतं आणि दाबही त्याच्यावरच जास्त. तो २०-३० मिनिटांत मरायला लागतो, मग मरण बाहेरच्या थराकडे सरकतं. ६ तासांत बहुतेक उरकलेलं असतं. जुन्या ब्लॉकमध्ये आजूबाजूच्या बारीक वाहिन्या रुंदावलेल्या असतात, तेवढी सवड मिळते. चाळिशीतल्या माणसाला अचानक गुठळी झाली तर ती सोय बहुधा नसते.

वडिलांचा आत्ताचा इको (हृदयाची सोनोग्राफी) बघून घाबरू नका. नस उघडल्यावरही काही स्नायू जिवंत असूनही आठवडे-दोन आठवडे बधिर राहतो, नीट आकुंचन पावत नाही. ६ आठवड्यांनंतरचा इको धरा. उजवा कप्पा तर बहुधा सावरतोच.

आणि हो, सॉर्बिट्रेट विष नाही. डॉक्टरांनी अंजायनासाठी (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्यासाठी) लिहून दिलेली असेल आणि बीपी ठीक असेल तर बसून घ्यावी. मात्र २४ तासांत व्हायग्रा घेतली असेल तर मुळीच नको. हे पेशंट बायको-मुलांसमोर सांगत नाहीत, घरच्यांना बाहेर काढून विचारावं लागतं.