मानववंशशास्त्रात एम.ए. झालंय, खान्देशात फील्डवर्कही केलंय. आता कादंबरीकडे वळता येईल का?

येईल. अमिताव घोष यांनी ऑक्सफर्डला सामाजिक मानववंशशास्त्रात डॉक्टरेट केली, इजिप्तच्या खेड्यात राहिले. पहिली कादंबरी १९८६ची. अमेरिकन कादंबरीकार झोरा नील हर्स्टन तर नामवंत मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्या विद्यार्थिनी. (त्या १९६० साली गरिबीत वारल्या, तेव्हा नोकरी एवढ्यात सोडू नका.)

पदवीपेक्षा टिपणवही कामाची. पण प्रबंधाची सवय इथे नडते. खान्देशातल्या कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य घेतात, ही झाली नोंद. थोरला मुलगा भांडून सुरतेला निघून गेलाय आणि आईची मूठ त्याच्या नावाशी थबकलीय, इथे कादंबरी सुरू होते. मग प्रथेचा अर्थ समजावत बसू नका. पहिल्या खर्ड्यात असे 'म्हणजे काय' सांगणारे परिच्छेद हमखास येतात, ते सरळ कापा.

संवाद अहिराणीत, निवेदन प्रमाण मराठीत ठेवलं तर वाचक टिकतो. तळटीपा नकोत, अर्थ प्रसंगातून कळू द्या. आणि धुळ्याकडची अहिराणी, जळगावकडची तावडी, सातपुड्यातली पावरी यांची खिचडी करू नका, तिथला वाचक पहिल्याच पानावर पकडतो.

सर्वांत नाजूक बाब: माहिती देणाऱ्यांनी विश्वासाने सांगितलेलं. नुसतं नाव बदलून भागत नाही, गावात माणूस नात्यावरून आणि धंद्यावरून ओळखला जातो. दोन-तीन माणसं मिसळून एक पात्र करा, नाहीतर पुढच्या खेपेला त्या ओट्यावर चहा मिळायचा नाही.