हायड्रोजन की सीएनजी? आधी टाकी बघा

किलोमागे हायड्रोजनमध्ये पेट्रोलच्या जवळपास तिप्पट ऊर्जा असते, हे वाचून हुरळून जाऊ नका. गाडीत प्रश्न जागेचा असतो. ७०० बार दाबाने (हवेच्या दाबाच्या सुमारे ७०० पट) ठासून भरला तरी लिटरभर हायड्रोजनात पेट्रोलच्या साधारण सातव्या हिश्शाएवढीच ऊर्जा मावते. दुसऱ्या पिढीच्या टोयोटा मिराई या हायड्रोजन गाडीत जेमतेम ५.६ किलो गॅस बसतो, आणि टाक्यांचं वजन त्याच्या कितीतरी पट! शिवाय आजचा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूसारख्या खनिज इंधनांपासूनच बनतो. मग तो वायू थेट जाळलेला काय वाईट? सीएनजीला, म्हणजे दाबून भरलेल्या त्याच नैसर्गिक वायूला, २०० बार पुरतात, पेट्रोल इंजिनही थोड्या फेरफाराने चालतं. डिकी मात्र गेलीच समजा. सिलिंडरची दाबचाचणी मुदतीत करा, आणि पंप रोजच्या वाटेवर आहे का ते किट बसवण्याआधी पाहा.