वडील सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त, मुलीला नाशिकमध्ये इंजिनिअरिंगला प्रवेश : फीसाठी मदत मिळेल का?

मिळेल, पण आता पहिलं वर्ष चालू आहे तोवरच हालचाल करा. केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्या वर्षातच भरता येतो, दुसऱ्या वर्षात गेल्यावर दार बंद. बरेच जण इथेच चुकतात. बारावीला किमान ६० टक्के हवेत. मुलींना महिना ३,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ३६,००० (मुलांना २,५००). खासगी कॉलेजची पूर्ण फी यात भागणार नाही, पण पुस्तकं आणि मेसचा खर्च नक्की सुटतो.

अर्ज ऑनलाइन भरायचा. त्याआधी वडिलांना घेऊन नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक चक्कर मारा, कारण माजी सैनिकाचं पाल्य असल्याचा दाखला तिथूनच मिळतो. डिस्चार्ज बुक (सैन्यातून निवृत्त होताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक) सोबत असू द्या. त्यातलं मुलीचं नाव, जन्मतारीख दहावीच्या दाखल्याशी जुळतं का, हे आज रात्रीच बघा. स्पेलिंगच्या एका अक्षरापायी अर्ज अडकतो, आणि मग सैन्याच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करत बसा!

धाकटा भाऊ शाळेत असेल तर त्याच्यासाठी महिना २,००० रुपयांचं शिक्षण अनुदान वेगळं आहे. ते हवालदार पदापर्यंतच्यांनाच मिळतं, त्यामुळे तुम्ही बसता.