आईच्या पेटीतलं वाघनख

प्रश्न : आई मार्चमध्ये गेली. गिरगावातली आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. खोली रिकामी करताना आईच्या पेटीत सोन्यात मढवलेलं वाघनख सापडलं. आजोबांच्या वेळचं आहे. ते सापडून बारा दिवस झाले. भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला, तर एका अनोळखी माणसाचा फोन आला : 'दादर स्टेशनला या, रोख देतो.' हा गुन्हा होतो का?

उत्तर : ताई, आधी भावाला सांगा, दादरला जायचं नाही. असं घाईचं गिऱ्हाईक पुष्कळदा वनखात्याने किंवा पोलिसांनीच पाठवलेलं असतं. गिऱ्हाईक खरंच विकत घेणारं निघालं तर आणखी वाईट. फोटो आणि मेसेज पुसू नका, पुरावा नष्ट केला असा अर्थ लागेल. आणि हो, नख चौपाटीवर विसर्जित करायचं मनातही आणू नका!

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे आणि त्याचं नखही कायद्याच्या कक्षेत येतं. 'आजोबांचं होतं' एवढ्याने भागत नाही. वारशाने आलेल्या वस्तूची ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंद करावी लागते. मुळात आजोबांकडे वनखात्याचं मालकी प्रमाणपत्र असायला हवं होतं. २००३ मध्ये सरकारने अशा वस्तू जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली होती, तीही गेली. विक्री तर प्रमाणपत्र असूनही करता येत नाही. त्यात किमान ३, कमाल ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. ताबा सिद्ध झाला की तो कायदेशीर होता हे दाखवणं कलम ५७ प्रमाणे तुमच्यावर येतं.

प्रमाणपत्र नसेल तर नख सरकारी मालमत्ता. ते हाती आल्यापासून ४८ तासांत कळवायचं असतं, ती वेळ टळली आहे. तरी स्वतःहून जमा करणारा आणि धाडीत सापडणारा, या दोघांकडे कोर्ट सारख्या नजरेने पाहत नाही. वकिलाला घेऊनच वनखात्यात जा, सोन्याचं वजन पंचनाम्यात लिहून घ्या. सोनाराकडे जाऊन नख सोन्यातून वेगळं करून घेऊ नका. गाईम्हशीच्या शिंगाची खोटी नखंही बाजारात फिरतात, पण ते प्रयोगशाळा ठरवेल.

पूर्वी दृष्ट लागू नये म्हणून मुलांच्या गळ्यात वाघनख घालत. जुन्या अल्बममध्ये आईचा बालपणीचा तसा फोटो आहे का बघा. असेल तर नख जुनं असल्याचा तो पुरावा ठरू शकतो. फोटो अल्बममधून न काढता, अल्बमसकट वकिलाकडे न्या.