आधी वजन, मग आवाज

प्रिय पोरी,

तू पाठवलेलं तुमच्या मेटल बँडचं रेकॉर्डिंग ऐकलं. एकदा मोबाईलवर, एकदा दुकानातल्या मोठ्या स्पीकरवर. आवाज भरपूर आहे, वजन नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, सतरा-अठराव्या वर्षी सगळ्यांचं असंच असतं. तुम्हा चौघांना हे मेटल, म्हणजे रॉकमधलं जड, कर्कश संगीत, मनापासून आवडतं हे मात्र ऐकताक्षणी कळतं. मधे गाणं साफ घसरलं, तुमच्यातलं कुणीतरी हसलं आणि पुढच्या मात्रेला तुम्ही दुप्पट जोरात परत आत शिरलात. ती मस्ती शिकवून येत नाही. बाकीचं येतं.

ड्रमसाठी डबल पेडल (दोन्ही पायांनी मोठा ड्रम वाजवायचं) कुठलं घेऊ, असं विचारलंयस. घेऊच नकोस, निदान दिवाळीपर्यंत तरी. तुला ज्या गाण्यांचं वेड आहे ती मिनिटाला 180 ठोक्यांच्या लयीत जातात. एका ठोक्यात चार म्हटलं की सेकंदाला 12 फटके, म्हणजे दर पायाला सहा. तुझा एकटा उजवा पाय आत्ता 90 लाच पुढे पळतोय, त्यात डावा घातलास तर दोघं मिळून पळतील. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, 60 वर लाव. उजवा पाय आणि स्नेअरचा (समोरच्या छोट्या कडक ड्रमचा) हात एवढंच, दहा मिनिटं. कंटाळा आला की मेट्रोनोम निम्म्यावर आण आणि मधला ठोका स्वतः मनात धर. सावकाश वाजवणं जास्त अवघड असतं, कारण लपायला जागा नसते.

तुमच्या आजोबांच्या कारखान्यात तू लहानपणापासून जातेस. कधी शेजारशेजारचे दोन माग नुसते उभं राहून ऐकलेस का? प्रत्येकाची मोटर वेगळी, वेग किंचित वेगळा. काही क्षण दोघांचे धोटे एकदम आपटतात आणि सगळी शेड हादरल्यासारखी वाटते. मग हळूहळू एक पुढे सरकतो, खटक-खटकचं खटखट-खटखट होतं आणि तेच दोन माग उगाच कटकट करायला लागतात. आवाज तेवढाच असतो, पण वजन जातं. तुमचा बँड सध्या तसा आहे, चार माग आणि चार मोटरी.

मी आमच्या बँडमध्ये बेस, म्हणजे खालच्या स्वरांची गिटार, वाजवायचो आणि आता साऊंडचा धंदा करतो, म्हणून ही गोष्ट मला जरा जास्तच टोचते. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस यांच्यात सेकंदाच्या विसाव्या भागाइतका फरक पडला तरी कानाला दोन पातळ आवाज ऐकू येतात. एकत्र पडले तर एकच जाड. किक देते तो धक्का, बेस देतो त्याची लांबी. 2011 ला मेटालिका हा अमेरिकन मेटल बँड बंगळुरूला आला तेव्हा आम्ही काही जण सोलापूरहून उद्यान एक्स्प्रेसने गेलो होतो. पॅलेस ग्राउंडवर आम्ही पार मागे उभे होतो, स्टेजवरची माणसं बोटाएवढी दिसत होती. तरी प्रत्येक किक छातीत स्पष्ट लागत होती. स्पीकर मोठे होते हे खरंच, पण मोठे स्पीकर आपल्याकडे मिरवणुकीतही असतात, आणि तिथे नुसती छाती थरथरते, ठोका सापडत नाही.

वजनाचं दुसरं गुपित थांबण्यात आहे. सगळ्यांनी एकत्र सुरू करायला फार अक्कल लागत नाही, तू काड्यांनी चार मोजलेस की होतं. पण रिफच्या, म्हणजे गिटारच्या परत परत येणाऱ्या तुकड्याच्या, मधे अर्ध्या मात्रेची शांतता असते ना, तिथे गिटारवाल्यांच्या तळहाताने तारा दाबल्याच पाहिजेत, बेसवाल्याच्या बोटाने तार धरलीच पाहिजे आणि तू सिंबल हाताने पकडलीच पाहिजेस. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी सगळं घोंघावतंय. एक दिवस तालमीत फक्त थांबण्याचा सराव करा. हसाल, पण करा.

हे कसं बसवायचं ते बघायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. गणपतीच्या आधी आपल्याकडे मंडळांच्या लेझमीच्या तालमी चालतात, तिथे जाऊन उभी राहा. हलगीवाल्याकडे बघ. एका हातात जाड आखूड काडी, दुसऱ्यात बारीक लांब छडी. वाजवण्याआधी कागद-पाचट पेटवून तो कातडं शेकतो, बोटाने टिचकी मारून बघतो, पुन्हा शेकतो. स्वर चढल्याशिवाय एक घाव घालत नाही. आणि तू? ड्रमची चावी कुठाय म्हटलं तर घरात शोधावी लागते तुला! स्नेअरचं कातडं मधे खळगा पडलेलं आहे, मला मोबाईलवरही ऐकू येतं. पेडलचे पैसे साठलेत त्यातून आधी ते बदल. मग चावीने समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत जा, एका बाजूने गोल फिरत नको.

गिटारवाल्या दोघांना माझा निरोप दे. डिस्टॉर्शनचा गेन, म्हणजे गिटारचा आवाज फाटवायचं प्रमाण, निम्मा करा. गेन वाढवला की हळू आणि जोरात यातला फरकच मिटतो, एकट्याला खोलीत भारी वाटतं, बँडमध्ये त्याचा नुसता भुगा होतो. दोघांनी मिडचं (मधल्या स्वरांचं) बटण शून्यावर ठेवलंय हेही कळतंय. मिड काढल्यावर गिटार बँडमधून गायब होते, मग ऐकू येत नाही म्हणून एक जण आवाज वाढवतो, म्हणून दुसरा वाढवतो, आणि शेवटी शेजारची मावशी येऊन ओरडते, "आवाज कमी करा की बे!" मावशीचं बरोबर आहे. (रात्रभर डीजे वाजतो तेव्हा हीच मावशी गप्प असते, तो विषय वेगळा.)

आता जरा इतिहास, कारण तुझ्या पप्पांनी मला विचारलं, "हे असलं परदेशी भुताटकीचं संगीत आपल्या पोरींना कशाला?" मी त्यांना सांगितलं ते तुलाही सांगतो. हे संगीत आलं इंग्लंडच्या बर्मिंगहॅममधून, आणि बर्मिंगहॅम म्हणजे कारखान्यांचं गाव. तिथल्या ब्लॅक सबाथ बँडचा गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी, वय वर्षं 17, मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याच्या फोरमनने त्याला जँगो राईनहार्ट या जॅझ गिटारवाल्याची रेकॉर्ड आणून ऐकवली. जँगोचीही दोन बोटं आगीत निकामी झालेली, तरी वाजवायचा. मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, बारीक तारा लावल्या आणि पुढे 1971 च्या सुमाराला गिटार खालच्या स्वरात उतरवली. तारा ढिल्या झाल्या, बोटांना त्रास कमी झाला, आवाज आणखी जड झाला. गाणारा ऑझी काही काळ गाड्यांचे हॉर्न तपासायच्या कामाला होता. पप्पांना म्हटलं, जुन्या मिलच्या भोंग्यावर तुमच्या आजोबांचं घड्याळ चालायचं, मग हे संगीत तुम्हाला परकं कसं? पप्पा हसले. परवानगी दिलीय असं समजू नकोस, पण हसले.

त्यातलं तुझ्या कामाचं एवढंच: सबाथचा पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 ला आला आणि तो त्यांनी जवळपास एका दिवसात वाजवून रेकॉर्ड केला होता. हे जमलं कारण त्याआधी हॅम्बुर्गच्या क्लबात रोज अनेक वेळा तीच गाणी वाजवून त्यांची मोट बांधली गेली होती. आणि त्यांचा ड्रमर बिल वॉर्ड जीन क्रुपा, बडी रिच अशा जॅझवाल्यांवर वाढलेला. म्हणून त्याचे ठोके जड असूनही झुलतात. तूही मेटलच्या बाहेरचं ऐक. आजी भजनात भैरवी म्हणते ना? त्यातले कोमल रे-ग-ध-नी घेऊन थ्रॅशवाल्यांनी (मेटलमधली वेगवान शाखा) अर्धा संसार उभा केलाय. चलन वेगळं, भाव वेगळा, पण सप्तक तेच. सबाथच्या त्या पहिल्या भीतिदायक रिफमध्ये सा, वरचा सा आणि मग तीव्र मध्यम आहे. पेटीवर सावकाश वाजवून बघ, आजी दचकेल.

आता कान. यात मी ऐकून घेणार नाही. सोलापूरच्या पूर्व भागात चहाच्या टपरीवर जुने माग-कामगार बसतात, त्यांचं बोलणं ऐकलंयस? समोरासमोर बसून ओरडतात. एक जण कायम मान वळवून डावा कान पुढे करतो. ते भांडत नसतात, आयुष्यभर मागापुढे उभं राहून त्यांचे कान गेलेत. हिशेब साधा आहे. 85 डेसिबलला दिवसाला 8 तास चालतात, त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटं. तुम्ही तालीम करता त्या पत्र्याच्या शेडमध्ये तुझी स्नेअर आणि क्रॅश सिंबल 100 च्या खाली नसते. तुमची तालीम तीन तासांची. फोमचे इयरप्लग अगदी स्वस्त मिळतात, आजच आण. ते घातले की सगळं दबकं ऐकू येतं अशी तक्रार करशील, तर पुढे पैसे साठवून वादकांसाठीचे फिल्टरवाले घे. तालमीनंतर रात्री कानात शिटी वाजत असेल तर ती मिरवायची गोष्ट नाही.

शेडचंही बघ. पत्रा आणि सिमेंटची भिंत सिंबलचा आवाज जसाच्या तसा तोंडावर फेकते. कारखान्यात टेरी टॉवेलचे गठ्ठे पडलेले असतात, आजोबांना विचारून ते ड्रमच्या मागच्या भिंतीला रचा. वरचा किणकिणाट चांगला शोषला जाईल, खालचा घुमारा तेवढा जाणार नाही. किकच्या आत जगभरचे ड्रमर उशा आणि ब्लँकेटं कोंबतात, तुझ्या घरी तर सोलापुरी चादरींची रास आहे. एक घडी करून आत ठेव, दोन्ही कातड्यांना जेमतेम टेकेल अशी. धम्मकन वाजून लगेच थांबायला लागेल. आणि जिथे कापसाची फुलकी उडते तिथे उघड्या वायरी आणि तीन-तीन पिना कोंबलेला एक्स्टेंशन बोर्ड चालणार नाही. अर्थिंग तपासून घ्या. अँपला अर्थिंग नसलं आणि एका हातात गिटार धरून माईकला ओठ लावले की कसा झटका बसतो, हे तुमच्या गायकाला अनुभवाने कळायला नको.

गायकावरून आठवलं. त्याला सांग, घसा फाडून ओरडणं म्हणजे ग्रोल (मेटलमधलं गुरगुरत गाणं) नव्हे. तो प्रकार नीट केला तर दुखत नाही, आणि दुखलं की त्या दिवशी बंद.

गाणी तुमची लिहायला लागलात हे फार आवडलं. पण तिसऱ्या गाण्यात बर्फाळ जंगल आणि गोठलेली कबर कुठून आली? एप्रिल-मेमध्ये इथे 43-44 डिग्रीत काळा टी-शर्ट घालून फिरता, घामाने पाठीवर मिठाचे नकाशे उठतात, आणि गाणी नॉर्वेच्या हिवाळ्यावर! उजनी धरण भरलेलं असून नळाला चार-चार दिवस पाणी नाही, यावर लिही. बंद गिरणीवर लिही. घरी तेलुगू, गल्लीत दखनी उर्दू, कॉलेजात मराठी, आणि मधेच कन्नड शिवी, अशी तुमची तोंडं चालतात, मग गाणं फक्त तुटक्या इंग्रजीतच का? दिल्लीचे ब्लडीवुड या मेटल बँडवाले हिंदी-पंजाबी आणि ढोल घेऊन 2019 ला जर्मनीच्या वाकन महोत्सवात वाजवून आले. त्यांची नक्कल करायची नाही, पण आपल्या बोलीची लाज सोडायला हरकत नाही.

पोटापाण्याचं थोडक्यात. शिक्षण सोडू नकोस. मुंबईच्या डिमॉनिक रिझरेक्शन या मेटल बँडचा साहिल मखिजा इतकी वर्षं मेटल करतोय आणि बरोबर यूट्यूबवर स्वयंपाकही शिकवतो. आपल्या देशात या संगीताला जोडधंदा लागतो, त्यात कमीपणा काही नाही. पुण्याचा शो मिळाला तर जा, पण सोलापुरातच पडून आहोत म्हणून अडलंय असं म्हणू नका. भाडं न देता रोज वापरता येईल अशी शेड पुण्यातल्या किती पोरांकडे आहे?

आणि भांडणं होतील. उशिरा येण्यावरून, तारांच्या पैशावरून, पोस्टरवर कुणाचं नाव आधी यावरून. होऊ देत. फक्त तालीम संपताना भांडू नका, त्या वेळी सगळे थकलेले असतात. तालमीचं रेकॉर्डिंगही त्याच रात्री ऐकू नका. दुसऱ्या दिवशी, पोटभर जेवल्यावर ऐका.

रविवारी संध्याकाळी दुकानात ये. बेसवाल्याला बरोबर आण. दोघंच, एक स्नेअर, एक किक आणि एक बेस, तेही एवढ्या हळू की समोरच्या किराणावाल्याला कळता कामा नये. गिटारवाल्यांनी यायचा हट्ट धरला तर त्यांना म्हणावं, काकांनी महिनाभर बंदी घातलीय.

तुझा,
काका